जुन्या बाइकच्या नळ्यांना बूच मारू नका

जुन्या दुचाकींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा येतो, आणि आता काही गॅरेजवालेही तो गिऱ्हाइकाला ऐकवू लागले आहेत. सल्ला असा: आरएक्स 100, यज्दी, बुलेट अशा कार्बोरेटरच्या गाड्यांखाली लोंबणाऱ्या रबरी नळ्या बिनकामाच्या आहेत. त्यांतून पेट्रोल उडून जातं. नळ्या काढा, तोंडाला स्क्रू मारा, टाकीच्या झाकणातलं भोक एम-सीलनं बुजवा. तेवढं धाडस नसेल तर सगळ्या नळ्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र करा आणि एअर फिल्टरच्या डब्यात सोडा. ॲव्हरेज वाढेल, वास जाईल, गाडी सुटसुटीत दिसेल.

यातलं एकच वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं चुकीचं आहे आणि टू-स्ट्रोक गाडीत ते थेट पिस्टनवर बेततं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘नळ्या बिनकामाच्या आहेत.’ कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देतो. त्याच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाउलमध्ये, पेट्रोल असतं आणि त्यावर तरंगणारा फ्लोट त्याची पातळी राखतो. इंजिन चालू झालं की वरच्या गळ्यातून हवा वेगानं आत जाते आणि तिथला दाब उतरतो. बाउलमधल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. दाबातला हा फरकच पेट्रोलला जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, वर ढकलतो. इंजिन पेट्रोल ओढतं असं आपण म्हणतो, पण ढकलण्याचं काम बाहेरची हवा करते आणि ती बाउलमध्ये येते ब्रीदरच्या, म्हणजे हवा येण्याच्या नळीच्या, वाटेनं. ही वाट बंद केली की बाउलमधला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही. गाडी ताणली की तो उतरतो आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. ट्रॅफिकमध्ये गरम इंजिनावर उभी राहिली की बाउलमध्ये वाफ कोंडते आणि तीच गाडी रिच होऊन, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन, भुकभुक करते. मग मेकॅनिक जेट बदलत बसतो, नीडलची क्लिप वरखाली करतो आणि काहीच हाती लागत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये लीन मिश्रण म्हणजे तापलेला पिस्टन आणि सीझ, म्हणजे जाम, झालेलं इंजिन. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायच्या गाड्यांत, म्हणजे बहुतेक यज्दींमध्ये, पेट्रोल कमी मिळालं की ऑइलही तेवढंच कमी मिळतं. आरएक्स 100 ला ऑटोल्यूब पंप असल्यामुळे तिथं ऑइल वेगळं येतं. पण त्या ऑइलच्या टाकीलाही हवा आत यायला वाट लागते. दिसेल ते भोक बुजवणाऱ्यांनी ती वाट बुजवली तर पंपाला ऑइल पोचणार नाही, आणि ते कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

‘टाकीच्या झाकणाचं भोक बुजवा.’ या सूचनेचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तिचा परिणाम साध्या आकडेमोडीनं दिसतो. या गाड्यांना पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, बस. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा 20 सेंमी उंच आहे असं धरा. तेवढ्या उंचीच्या पेट्रोलचा दाब भरतो जेमतेम दीड किलोपास्कल. हवेचा दाब साधारण 101 किलोपास्कल. म्हणजे बंद टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा नुसता दीड टक्का उतरला की पेट्रोल खाली येणं थांबलं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर वरची हवा थोडीच असते, त्यामुळे हे आणखी लवकर होतं. गाडी काही किलोमीटर छान पळते, घाटाच्या मध्यावर बंद पडते, दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते. लोक कॉइल बदलतात, प्लग बदलतात. खरं तर बंद पडल्या पडल्या झाकण उघडावं. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर दोष झाकणात आहे.

हीच बंद टाकी दुपारी उन्हात उभी केली की उलटं होतं. पेट्रोलची वाफ कोंडते, दाब वाढतो आणि तो पेट्रोलची वाट बंद करणाऱ्या फ्लोटच्या पिनला तिच्या सीटवरून रेटून पेट्रोल बाउलमध्ये ढकलू शकतो. म्हणजे चालताना उपासमार आणि उभी असताना पूर. आता पुढचा मुद्दा वाचताना हा पूर लक्षात ठेवा.

‘खालच्या नळीतून पेट्रोल गळतं, ती बंद करा.’ बऱ्याच कार्बोरेटरांच्या बाउलमध्ये तळातून वर आलेली पितळेची बारीक नळी असते. बाउल उघडून पाहा. तिचं वरचं तोंड पेट्रोलच्या नेहमीच्या पातळीच्या थोडं वर असतं आणि खालचं टोक बाहेरच्या रबरी नळीला जोडलेलं असतं. हीच ओव्हरफ्लोची नळी. पेट्रोल त्या तोंडाच्या वर चढल्याशिवाय थेंबही बाहेर येत नाही. म्हणजे धडधाकट गाडीत या नळीतून काहीच वाया जात नाही. थेंब पडत असतील तर फ्लोटच्या पिनची सीट झिजली आहे, पिनखाली कचरा अडकला आहे, फ्लोट भोकाचा आहे किंवा ती पितळी नळीच उभी चिरली आहे. शेवटचा दोष फार जण विसरतात आणि नव्या पिना घालत राहतात.

नळी बंद केली म्हणून पेट्रोल थांबत नाही. ते इंजिनाकडे वळतं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये साठतं. सकाळी किक मारली तर प्लग ओला आणि कधी किक अर्ध्यात जाम. फोर-स्ट्रोकमध्ये इनटेक व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर सिलिंडरमध्ये उतरतं, रिंगांच्या कडेनं खाली झिरपतं आणि ऑइल पातळ करतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. आधी पिन दुरुस्त करा, मग ऑइल बदला. आणि टाकीखाली पेट्रोल बंद करायचा हाताचा कॉक असेल तर गाडी लावताना तो बंद करायची सवय ठेवा. गाडी बंद खोलीत ठेवत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते.

‘पेट्रोल उडून जातं.’ हे ते अर्धं खरं वाक्य. टाकीतून आणि बाउलमधून थोडी वाफ जाते, उन्हात उभ्या गाडीतून जास्त. नव्या प्रदूषण-नियमांच्या बीएस-6 गाड्यांत त्यासाठी कोळशाचा कॅनिस्टर असतो. पण त्या कंपन्यांनीसुद्धा वाट बंद केलेली नाही. वाफ कोळशात धरली आणि नंतर इंजिनात नेली, हवेची ये-जा तशीच ठेवली. बूच मारून ॲव्हरेज वाढलंच, तर ते लीन मिश्रणामुळे वाढलेलं असतं, आणि त्याचं बिल पुढे पिस्टन भरतो.

‘सगळ्या नळ्या एअर फिल्टरमध्ये सोडा.’ काही गाड्यांत बाउलचा ब्रीदर मुळातच एअर बॉक्सला जोडलेला असतो, तिथं तो तसाच ठेवावा. त्यांचे जेट तो दाब धरून ठरवलेले असतात. आपल्या मनानं जोडल्यास हिशेब बदलतो. ओव्हरफ्लोची नळी मात्र डब्यात कधीच सोडू नका. तिथं पेट्रोलचं तळं साचतं आणि कार्बोरेटरमधून एक बॅकफायर झाला तर फिल्टर पेटतो. टी लावून सगळं एकत्र करणंही वाईट, कारण ओव्हरफ्लो झाला की तेच पेट्रोल ब्रीदरची वाट अडवतं. बॅटरीची नळी तर या घोळक्यात आणूच नये. तिच्यातून हायड्रोजन आणि आम्लाची वाफ येते. ती स्वतंत्र, चेन आणि चॅसिसपासून लांब खाली सोडावी.

मग नळ्या जाव्यात कुठून? बाउलचा ब्रीदर आधी वर न्यावा आणि त्याचं तोंड साइड पॅनेलच्या आत, वारा न लागणाऱ्या जागी ठेवावं. 80 किमी वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब साधारण 4 सेंमी पेट्रोलच्या स्तंभाएवढा भरतो. बाउलमधलं पेट्रोल जेटमधून जेवढं वर चढवायचं असतं, त्याच्या तुलनेत हा दाब किरकोळ नाही. तोंड वाऱ्यात राहिलं की हायवेवर गाडी वेगळी आणि गावात वेगळी वागते. ओव्हरफ्लोची नळी सरळ उताराने इंजिनाच्या मागून खाली जावी, सायलेन्सरपासून लांब आणि मागच्या टायरवर थेंब पडणार नाही अशी. मध्ये झोळ नको. त्यात पाणी किंवा पेट्रोल साचलं की नळी बंदच. टोक तिरकं कापा. ओढ्याचं पाणी नेहमी ओलांडत असाल तर टोकाच्या बोटभर वर एक छोटी चीर द्या, म्हणजे तोंड चिखलानं बुजलं तरी वाट राहते. नळी पेट्रोलची म्हणून विकली जाणारी नायट्राइल रबराचीच घ्या. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, स्वस्त पारदर्शक नळी वर्षभरात कडक होऊन निपलवरून, म्हणजे ती बसवायच्या तोंडावरून, सुटते, आणि 2023 पासून पंपावर ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यावर जुन्या रबराचं आयुष्य आणखी कमी झालं आहे.

कोकणात गाडी महिनोन्‌महिने उभी राहत असेल तर आणखी एक पाहा. कुंभारीण माशीला अशी मोकळी नळी घर बांधायला बरोबर सापडते, आणि तिनं मातीनं लिंपलेलं तोंड बाहेरून सहज दिसत नाही. चालू करण्याआधी प्रत्येक नळी निपलवरून काढा आणि सायकलच्या पंपानं हवा मारून दुसऱ्या टोकाशी बोट धरा.