बॅलेच्या पुस्तकाने काय बिघडलं?

भाचीला नाताळची भेट म्हणून बॅलेचं चित्रपुस्तक पाठवलं, तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने लिहिलं, "आपल्या पोरींनी आता या गोऱ्या पऱ्याच बघायच्या का? कथक काय मेलंय?" त्यावर धडाधड अंगठे पडले, आणि एका काकांनी 'सांस्कृतिक गुलामगिरी' असं लिहून विषय संपवला. माझ्या डोक्यातून मात्र तो जात नाही.

पुस्तक नटक्रॅकरचं. नाताळच्या रात्री एका मुलीला अक्रोड फोडणारा लाकडी शिपाई भेट मिळतो, मध्यरात्री उंदरांशी लढाई जुंपते आणि ती मिठायांच्या राज्यात जाऊन पोचते. मूळ कथा हॉफमन या जर्मन लेखकाची, १८१६ सालची. चायकोव्हस्कीच्या संगीतावर तिचा बॅले झाला १८९२ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला. इथे अमेरिकेत तो पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा झाला १९४४ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. पुढे १९५४ मध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनने न्यूयॉर्कला बसवला आणि बघता बघता तो इथल्या डिसेंबरचाच झाला. जर्मनांकडून रशियनांनी घेतला, रशियनांकडून अमेरिकनांनी. गुलाम कोण झालं, दादा?

तू ते पुस्तक उघडून तरी बघितलंस का? नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की लायब्ररीत अशा पुस्तकांसाठी आधीच नाव नोंदवणाऱ्यांची रांग लागते, आणि त्यांतली निम्मी नुसती गुलाबी साखर असतात, हे मलाही दिसतं. हे तसं नाही. नाताळचं झाड वाढू लागतं तिथे पान वरच्या बाजूला उलगडतं, आणि मुलगी त्या झाडाखाली अंगठ्याएवढी होऊन जाते. उडीच्या पानावर तीच मुलगी पाच वेळा काढलीय, वाकलेल्या गुडघ्यापासून परत जमिनीवर टेकणाऱ्या पावलापर्यंत. पाय मांडीच्या सांध्यातून बाहेर वळलेत, नुसते घोट्यातून नाहीत. हे काढणाऱ्याने नाच नीट पाहिलाय. कथकची एक गिरकी अशी पाच चित्रांत उलगडणारं मराठी पुस्तक मी दर भारतवारीत शोधते, अजून हाती लागलेलं नाही. संस्कृतीची काळजी करणाऱ्यांनी आधी ते काढावं.

गोऱ्या पऱ्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो इथे आमच्याकडे घरच्यापेक्षा जास्त पोटतिडकीने मांडला जातो. नटक्रॅकरमधल्या मिठायांच्या राज्यात चहाचा एक नाच आहे, त्यात बोटं वर करून 'चिनी' दाखवण्याची जुनी खोड होती. न्यूयॉर्क सिटी बॅलेने २०१७ मध्ये त्यात बदल केले. मिस्टी कोपलंड २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची पहिली कृष्णवर्णीय प्रमुख नर्तिका झाली, त्याच्या आदल्याच वर्षी तिचं स्वतःचं चित्रपुस्तक आलं होतं. तक्रार करणारी माणसं पुस्तकं बदलतात. नुसते अंगठे देऊन काही बदलत नाही.

आणि रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा? १९२३ मध्ये लंडनला तिने तरुण उदय शंकरांबरोबर राधा-कृष्ण नाचलं. रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्याकडे बॅलेच्या ओढीने गेल्या, तर तिनेच त्यांना आपल्या देशाचं नृत्य शोधायला सांगितलं. बॅलेच्या दारातून आत गेलेली बाई भरतनाट्यमपाशी पोचली.

खरं सांगायचं तर मला इतकं लागलं ते पाव्हलोव्हासाठी नव्हे. माझी लेक यंदा तिच्या डान्स स्टुडिओच्या प्रयोगात उंदीर आहे. इतर आयांबरोबर विंगेत बसून मी पोरींच्या बनमध्ये पिना खोचते, तेव्हा मी कुठून आले हे कोणी विचारत नाही. सेलेस्टा या पियानोसारख्या वाद्याचे ते काचेसारखे सूर सुरू झाले की माझे डोळे भरून येतात. एरवी डिसेंबरभर मी इथे पाहुणीच असते. सजावटीची घरं गाडीतून बघते आणि पुढे जाते. या एका नाचात मला बसायला जागा मिळाली आहे. ती सोडून दे असं कोणी तिकडून सांगितलं, की मला राग येतो. त्याहून जास्त भीती वाटते, की दादाच्या 'आपल्या पोरीं'मध्ये माझी पोर धरलेलीच नसेल.

तेव्हा पुस्तक परत पाठवू नकोस, दादा. भाचीला ते वाचू दे. मॅडम मेनकांनी आपल्या खंडाळ्याला नृत्यशाळा काढली होती, कथकवर उभ्या केलेल्या नृत्यनाटिका युरोपात नेल्या होत्या. त्यांच्यावर कोणी असं चित्रपुस्तक काढलं तर लगेच कळव. दोन प्रती मी घेईन, एक लेकीला आणि एक इथल्या लायब्ररीला.