हेडसेट घातला की सगळेच थ्रीडी? एका दाव्याची तपासणी

व्हीआर हेडसेटविषयी एक मजकूर बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हेडसेटमध्ये कोणताही व्हिडिओ लावला तरी तो थ्रीडी होतो, कारण एकच चित्र दोन्ही डोळ्यांसमोर अगदी जवळ धरले की उरलेले काम मेंदू करतो, फाइल ८के, म्हणजे ७६८० पिक्सेल रुंदीची, असेल तर दिसणारे चित्रही ८के असते, ३६० अंशांच्या व्हिडिओत आपण दृश्याच्या आत उभे असतो, त्यामुळे वाकून, डोकावून पाहता येते, आणि डोके दुखलेच, तर पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे तो सेकंदाला जितक्या वेळा ताजा होतो तो हर्ट्झमधला आकडा, कमी असणे एवढेच त्याचे कारण असते. या चारही विधानांत थोडे थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच ती लोकांना पटतात. ते तथ्य कुठे संपते, एवढेच येथे पाहायचे आहे.

पहिले विधान सर्वांत जुने आहे आणि ते खोटे असल्याचा पुरावाही तितकाच जुना आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे द्विनेत्री दृष्टीवरचा आपला निबंध मांडला, तेव्हा छायाचित्रणाची जाहीर घोषणाही झालेली नव्हती. आरशांच्या स्टिरिओस्कोपसाठी, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवणाऱ्या उपकरणासाठी, त्यांनी साध्या रेषांच्या आकृत्या वापरल्या आणि त्यात छायाप्रकाश मुद्दाम ठेवला नाही. रंगछटा नाही, सावली नाही, फक्त डाव्या डोळ्याला दिसेल तशी एक आकृती आणि उजव्या डोळ्याला दिसेल तशी दुसरी, एवढ्या सामग्रीवर कागदावरच्या रेषा घनाकार होऊन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना एकच आकृती ठेवली तर मात्र ती सपाटच राहते. खोलीचा हा आभास दोन चित्रांमधल्या फरकातून येतो. चित्र डोळ्यांच्या किती जवळ आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही.

हा फरक किती असतो? प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर धरतात. अर्ध्या मीटरवरच्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिरेषांमध्ये सुमारे ७ अंशांचा कोन होतो, एक मीटरवर ३.६ अंशांचा, आणि दहा मीटरवर तो अंशाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. साध्या, म्हणजे एकाच लेन्सने टिपलेल्या व्हिडिओत असा फरक कुठेच नसतो. जवळचा हात आणि दूरचा डोंगर दोन्ही डोळ्यांना सारख्याच जागी दिसतात, म्हणून सारे दृश्य एकाच घुमटाच्या आतून रंगवल्यासारखे भासते. तरीही ते भारावून टाकते, हे खरे आहे. चित्राने दृष्टीचा मोठा भाग व्यापलेला असतो, मान वळवली की दृश्य जागचे हलत नाही, आणि लहान-मोठेपणा, सावल्या, एका वस्तूने दुसरी झाकणे या एका डोळ्यालाही कळणाऱ्या खुणा आपापले काम करतच असतात. या भारावण्यालाच लोक थ्रीडी म्हणतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

शंका असल्यास व्हिडिओ एका फ्रेमवर थांबवावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटून एखादी जवळची वस्तू तिच्यामागच्या पार्श्वभूमीशी ताडून पाहावी. व्हिडिओ साधा असेल तर ती वस्तू तसूभरही सरकत नाही. खरा स्टिरिओ, म्हणजे प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे चित्र असलेला, असेल तर फक्त डाव्या डोळ्याने पाहताना ती पार्श्वभूमीच्या मानाने उजवीकडे सरकलेली दिसते आणि फक्त उजव्या डोळ्याने पाहताना डावीकडे. याच्या उलटे घडत असेल तर डावे-उजवे चित्र अदलाबदल होऊन आले आहे. अशा वेळी नाक चेहऱ्यात रुतल्यासारखे वाटते आणि का ते पटकन कळत नाही.

मग प्लेअरच्या मेनूत ‘थ्रीडी’ निवडल्यावर सपाट दिसणारे चित्र एकदम खोल होते, ते कसे? हा अनुभव अनेकांचा आहे आणि हेडसेटच खोली निर्माण करतो, हा समज बहुधा त्यावरच उभा आहे. प्रत्यक्षात त्या फाइलमध्ये दोन चित्रे आधीपासूनच असतात. बहुतेक फायलींमध्ये ती एकाच फ्रेममध्ये शेजारी-शेजारी, म्हणजे साइड-बाय-साइड, किंवा वर-खाली, म्हणजे टॉप-बॉटम, बसवलेली असतात. प्लेअर ती फ्रेम एकदाच डीकोड करतो, पाहणाऱ्याभोवती कल्पिलेल्या गोलावर किंवा अर्धगोलावर ती पसरवतो, आणि डाव्या डोळ्यासाठी रंगवताना एक अर्धा भाग व उजव्यासाठी दुसरा घेतो. त्यानंतर लेन्समुळे चित्राच्या कडा जशा ताणल्या जाणार आहेत, त्याच्या नेमके उलटे वाकडे करून ते पडद्यावर पाठवले जाते, म्हणजे लेन्समधून ते सरळ दिसते. मेनूतला पर्याय प्लेअरला फक्त फ्रेम कुठे कापायची ते सांगतो. ही सूचना खरे तर फाइलमध्येच असायला हवी. एमपी४ फाइलमध्ये तिच्यासाठी ‘एसटी३डी’ नावाचा एक छोटा कप्पा आहे. पण फाइल पुन्हा एन्कोड केली की तो बरेचदा गळून पडतो, आणि मग प्लेअर फाइलच्या नावातील ‘एलआर’ किंवा ‘टीबी’सारख्या अक्षरांवरून अंदाज बांधतो किंवा तो अंदाज आपल्यावर सोपवतो.

याची उलट परीक्षा आणखी बोलकी आहे. अगदी साध्या व्हिडिओला साइड-बाय-साइड पर्याय लावून पाहावा. डाव्या डोळ्याला दृश्याचा डावा अर्धा भाग मिळतो, उजव्याला उजवा. दोन्हींचा एकमेकांशी मेळ बसत नाही, कधी एक चित्र वर येते तर कधी दुसरे, आणि काही क्षणांतच हेडसेट काढावासा वाटतो. कोणताही व्हिडिओ आपोआप थ्रीडी होत असता, तर असे घडले नसते.

दुसऱ्या चित्राची जागा वाचवण्यासाठी किती खटाटोप झाला आहे, हेही पाहण्यासारखे आहे. ब्लू-रे थ्रीडीसाठी एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या मानकाची बहुदृश्य आवृत्ती वापरली गेली आणि आयफोन १५ प्रोवर २०२३च्या अखेरीस आलेल्या स्पेशियल व्हिडिओसाठी एचईव्हीसी या त्यानंतरच्या मानकाची तशीच आवृत्ती. दोन्हींचे तत्त्व एकच आहे: एका डोळ्याचे चित्र पूर्ण साठवायचे आणि दुसऱ्याचे त्याच्याशी असलेले साम्य वापरून थोडक्यात साठवायचे. एकच चित्र दोनदा दाखवून भागत असते, तर एवढी मानके लिहिण्याचे कष्ट कोणी घेतले नसते.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. साध्या चित्रावरून कोणती वस्तू किती दूर असावी याचा अंदाज बांधून दुसऱ्या डोळ्याचे चित्र तयार करणारी सॉफ्टवेअर आता आहेत. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या हेडसेटच्या व्हिजनओएस २ या प्रणालीत छायाचित्रांसाठी ही सोय दिली. परंतु तेथेही दुसरे चित्र तयार करावेच लागते, आणि जवळच्या वस्तूआडचा जो भाग कॅमेऱ्याने पाहिलेलाच नाही, तो कल्पनेने भरावा लागतो. केसांच्या आणि पानांच्या कडांशी ही कल्पना उघडी पडते.

आता ८केविषयी. येथे वाद घालण्यापेक्षा भागाकार करणे सोपे आहे. ७६८० पिक्सेल रुंदीचा व्हिडिओ ३६० अंशांवर पसरला की एका अंशाच्या वाट्याला सुमारे २१ पिक्सेल येतात. उत्तम दृष्टीचा माणूस एका अंशात साधारण ६० पिक्सेल वेगळे ओळखू शकतो. हेडसेटमध्ये एका डोळ्यासमोर एका वेळी शंभरेक अंशांचाच पट्टा असतो, त्यामुळे ७६८० पैकी सुमारे २१०० पिक्सेलच त्या क्षणी पाहण्यात येतात. बाकीचे बाजूंना आणि पाठीमागे असतात. त्यात व्हिडिओ स्टिरिओ असेल आणि ७६८० बाय ३८४०च्या फ्रेममध्ये दोन्ही डोळ्यांची चित्रे वर-खाली बसवली असतील, तर प्रत्येकाला उंचीत १९२० पिक्सेलच मिळतात, म्हणजे उभ्या दिशेने अंशाला ११ पिक्सेलसुद्धा नाहीत. याच कारणाने अनेक चित्रकर्ते १८० अंशांचा प्रकार पत्करतात: पाठीमागचे अर्धे जग सोडून द्यायचे आणि ती जागा दुसऱ्या डोळ्याला द्यायची. मग त्याच फ्रेममध्ये प्रत्येक डोळ्याला ३८४० बाय ३८४० पिक्सेल मिळतात आणि दोन्ही दिशांना अंशामागे २१ पिक्सेल टिकतात. मला हा सौदा पटतो. पाठीमागे बहुतेक वेळा पाहण्यासारखे काही नसतेच.

याचा अर्थ ८के फाइल निरुपयोगी आहे असा नाही. मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटच्या पडद्यावर प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ बाय २२०८ पिक्सेल असतात आणि अंशामागे ते सुमारे २५ भरतात, म्हणजे त्या पडद्याला पुरे पडायला फाइल जवळपास ८केच लागते. ३८४० पिक्सेल रुंदीचा ३६० अंशांचा व्हिडिओ अंशाला ११ पिक्सेलही देत नाही, आणि तो धूसर दिसला तर दोष हेडसेटचा नसतो. कमी पिक्सेलचा फटका खोलीलाही बसतो. अशा व्हिडिओत डाव्या-उजव्या चित्रांतील एका पिक्सेलचा फरक ढोबळमानाने ३८ मीटर अंतराशी जुळतो, तर ७६८० पिक्सेल रुंदी असल्यास ७७ मीटरांशी. त्यापलीकडचे सारे मग जवळपास एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे होते.

वाकून पाहण्याचे विधान थोडक्यात निकालात निघते. कॅमेरा ज्या जागी उभा होता, तेथून दिसले तेवढेच फाइलमध्ये आहे. हेडसेटला आपले वाकणे कळते, पण टेबलाआड काय होते हे व्हिडिओला ठाऊक नसते, म्हणून बहुतेक प्लेअर डोक्याबरोबर सगळा गोलच पुढे सरकवतात. खेळांमध्ये असे डोकावता येते, कारण तेथील दृश्य आकारांनी बनलेले असते आणि दर क्षणी नव्या जागेवरून पुन्हा रेखाटले जाते.

खरी गुंतागुंत त्याच्या अलीकडे आहे: स्टिरिओ व्हिडिओत मान वळवणेसुद्धा वाटते तितके मोकळे नसते. सर्व बाजूंना पाहणारे दोन कॅमेरे ६३ मिलिमीटर अंतरावर शेजारी-शेजारी ठेवले अशी कल्पना करा. समोर पाहताना सगळे ठीक असते. मान उजवीकडे ९० अंश वळवली की एक कॅमेरा दुसऱ्याच्या मागे येतो, आडवे अंतर शून्य होते आणि खोली नाहीशी होते. पूर्ण मागे वळल्यास डावा कॅमेरा उजवीकडे जातो आणि सगळे उलटे होते. १८० अंशांच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यातही हाच नियम लागू आहे: मधल्या रेषेपासून ६० अंश बाजूला पाहताना दोन लेन्समधील परिणामकारक अंतर निम्मे होते. ३६० अंशांसाठी यावर उपाय म्हणून कॅमेऱ्यांचे वर्तुळ उभारतात, आणि चित्राचा प्रत्येक उभा पट्टा त्या त्या दिशेला योग्य अशा दोन बिंदूंवरून जुळवतात. गूगलच्या २०१५ मधील जंप प्रकल्पात अशा वर्तुळावर १६ कॅमेरे होते. तरीही थेट वर किंवा थेट खाली पाहताना डावे-उजवे ठरवायला दिशाच उरत नाही, म्हणून तेथे खोली हळूहळू विरू देतात.

येथे प्लेअर लिहिणाऱ्यांकडूनही एक चूक होते. खोली चित्रांमध्ये आधीच असल्यामुळे गोलाच्या आतले दोन्ही आभासी डोळे एकाच मध्यबिंदूवर ठेवावे लागतात. ते वेगवेगळे ठेवून गोल लहान केला, तर गोलाच्या भिंतीची स्वतःची खोली चित्रातल्या खोलीत मिसळते आणि सगळी अंतरे बिघडतात.

राहिला डोकेदुखीचा मुद्दा. कमी रिफ्रेश रेटमुळे लुकलुक आणि झटके जाणवतात, हे खरेच आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट ७२ किंवा ९६ हर्ट्झवर समान विभागला जातो. ९० हर्ट्झवर काही फ्रेम जास्त वेळ थांबतात आणि कॅमेरा आडवा फिरताना ते खटकते. पण व्हिडिओ ३० फ्रेमचा असला तरी मान वळवताना दृश्य मागे रेंगाळत नाही, कारण पडदा दर वेळी ताजा होताना तीच फ्रेम डोक्याच्या नव्या दिशेनुसार पुन्हा रंगवली जाते. त्रासाचे एक मोठे कारण वेगळेच आहे. लेन्समुळे डोळ्यांना एका ठरावीक अंतरावर, सहसा एक ते दोन मीटरांवर, फोकस करावा लागतो; चित्रातली वस्तू मात्र नाकाजवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात. जन्मभर एकमेकांबरोबर चाललेल्या या दोन क्रिया येथे वेगळ्या होतात. या विसंगतीने डोळे थकतात, हे दृष्टीचे संशोधक मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. १२० हर्ट्झचा पडदा यात काहीही बदलत नाही. जवळची वस्तू पाव मीटरवर आणण्याचा मोह चित्रीकरण करणाऱ्याने टाळला, तर बदलते.

दुसरे कारण पाहणाऱ्याच्या हातात आहे. फाइलमधला फरक आडवा आणि कायमचा गोठलेला असतो. डोके खांद्याकडे कलवले की दृश्य सरळच राहते, पण डोळे एकाखाली एक येऊ लागतात आणि तोच फरक त्यांना उभा भासतो. आत वळण्याची डोळ्यांना सवय असते. एकाने वर आणि दुसऱ्याने खाली पाहण्याची त्यांची ताकद फार थोडी. कुशीवर आडवे होऊन पाहिल्यास एक मीटरवरच्या वस्तूचा सगळा ३.६ अंशांचा फरक उभा होतो आणि चित्र दुहेरी दिसू लागते. काही प्लेअरमध्ये पडदा डोक्याबरोबर कलवून नव्याने सरळ करण्याची सोय असते. ती वापरली की तोच चित्रपट, त्याच हेडसेटमध्ये, कुशीवर पडूनही नीट एकजीव दिसतो.