‘माणूस सरावतो’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

रुग्णवाहिकेवरच्या कामगारांच्या मनावर रोजच्या अपघातांचा काय परिणाम होतो, या माझ्या लेखावर पेडण्याच्या एका वाचकांनी लिहिलंय : ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं. रोज बघून माणूस सरावतो. आणि समुपदेशनाचा खर्च कोण करणार?’

आधी एसीचं. लेख पटला नाही तर खुशाल खोडून काढा, पण लिहिणारा कुठे बसतो हा काय मुद्दा झाला? चौदा वर्षं याच लोकांसोबत काम करतोय, एवढं पुरे. त्या लेखाच्या शीर्षकात ‘ट्रॉमा’, म्हणजे मानसिक आघात, हा शब्द सैल वापरला, हे मात्र मान्य.

आता ‘सरावतो’. सराव व्हायचा तर चढलेली धास्ती पूर्ण उतरायला हवी. इथे गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, रुग्ण उतरवतात न उतरवतात तोच पुढचा कॉल. मधल्या वेळात गाडी धुवायची. हायपोक्लोराइट, म्हणजे उग्र वासाचं जंतुनाशक ब्लीच, पाच टक्क्यांचं असेल तर एका मगाला चार मग पाणी, आणि रक्तावर किमान दहा मिनिटं ठेवायचं. त्या दहा मिनिटांत तो दर्प आणि समोरचं रक्त डोक्यात एकत्र बसतात. पुढे कधीतरी घरी बाथरूम धुताना छाती धडधडते, माणूस बायकोवर खेकसतो, आणि का ते त्यालाही कळत नाही. कामावर मात्र तो गप्प, म्हणून तुम्हाला सरावलेला वाटतो. अहो, बधिर होणं हे लक्षण आहे! झोपेसाठी घेतलेले दोन पेग डोळा लावतात आणि पहाटे तीच झोप मोडतात. अशा कामात पुन्हापुन्हा पाहावं लागणारं, अगदी मृतदेहांचे अवशेष गोळा करणंसुद्धा, २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत, आघाताच्या व्याख्येत स्पष्ट नोंदवलेलं आहे.

वाईट कॉलनंतर गाडी दुसऱ्या जोडीने धुवावी. आधीच्या जोडीला अर्धा तास कॉल देऊ नये. चहा, पाणी, सोबतीला एक माणूस. ‘काय पाहिलंस ते सगळं सांग’ असा आग्रह नको. त्याच दिवशी सगळ्यांना बसवून बळेच बोलतं केल्याने आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. तिसऱ्या दिवशी झोपेची चौकशी करावी. महिना उलटूनही तेच चालू असेल तर बांबोळीची मनोविकार संस्था गाठावी.

राहता राहिला खर्च. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास. गाडीत ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवा.