मे महिन्यात कॅराव्हॅन घेऊन किनाऱ्यावर जाताय? मग एवढं कराच

गेल्या शनिवारी आम्ही भाड्याची कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि संडासाची सोय असलेली गाडी, घेऊन दापोली तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव सांगणार नाही, सांगितलं तर येत्या शनिवारी अजून चार गाड्या उतरतील. शेजारी आणखी एक कॅराव्हॅन, तिच्यासोबत दोन एसयूव्ही आणि आठ-दहा अनुभवी मंडळी. एका दिवसात त्यांच्याकडून इतकं शिकायला मिळालं की ते एकटीनेच ठेवून घेणं बरं दिसत नाही.

निघायचं आरामात, नाश्ताबिश्ता करून. म्हणजे ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत खाली उतरेपर्यंत दीड-दोन वाजतात आणि ऊन कसं छान कडक झालेलं असतं. आपली गाडी उंच आहे ही गोष्ट घाट उतरला की विसरून जायची. गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या आणि समोरून एसटी. आपण थांबायचं नाही, नुसता हॉर्न दाबून धरायचा, एसटीवाला घेतो मागे, त्याला काय काम असतं? फांदी मोडलीच तर टपावर पाचसहा हापूस आपोआप येतात.

वाऱ्याची चिंता तर मुळीच नको. खारे वारे, मतलई वारे हे सगळं भूगोलात होतं आणि ती परीक्षा कधीच होऊन गेली. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो, आणि मे महिन्यात असा सुटतो की ताटातली पोळी एका हाताने धरून दुसऱ्या हाताने जेवावं लागतं, आमटीत वाळू येते ती वेगळीच. अशा वेळी तंबूच्या खुंट्या सुक्या वाळूत अंगठ्याने टोचायच्या. आम्ही ज्यांच्या वाडीत गाडी लावली होती ते काका सांगायला आले होते, की पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा आणि हातभर खोल पुरा, तरच राहील. पण काका नुसते जन्मापासून तिथे राहतात, त्यांना कॅम्पिंगमधलं काय कळणार! तीनच्या सुमाराला शेजाऱ्यांचा निळा तंबू उठला, आमच्या बटाट्याच्या भाजीवर जरा टेकला आणि कोलांट्या मारत केतकीच्या जाळीत जाऊन बसला. सगळे खूप हसले, व्हिडिओ झाला. आणायला कोणी गेलं नाही, केतकीला काटे असतात ना.

स्पीकर मोठा न्या. समुद्राचा आवाज फार होतो.

आता मुख्य गोष्ट. एसयूव्ही पुळणीवर, म्हणजे थेट किनाऱ्यावरच्या वाळूत, न्यायचीच, वर लावायला वीस लाख मोजलेत का? त्यातही ओल्या वाळूवर, पाण्याच्या अगदी कडेने, दरवाजे उघडे टाकून, एक जण टपावर. ग्रामपंचायतीचा वाहनं नेऊ नका असा बोर्ड असतो तो फोटोसाठी असतो. ऑलिव्ह रिडले कासवांची शेवटची घरटी मेपर्यंत असू शकतात, वाळूखाली हातभर खोल अंडी असतात, वरून दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते नसतंच. भरतीचंही विचारू नका कोणाला. त्या दिवशी एकादशी होती. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला येतो, अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे साडेपाचला पाणी चढतंय हे उघड आहे. पण गाडीला फोर बाय फोर लिहिलेलं असल्यावर चंद्राची काय बिशाद! रुतली. मग जोरात ॲक्सिलेटर, मग अजून जोरात, चाकं अर्धी आत, ड्रायव्हर सोडून सगळे ओरडतायत आणि ड्रायव्हर सगळ्यांवर. सातला पाणी दरवाजाच्या पट्टीला लागलं तेव्हा गावाची आठवण झाली. एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे लोकांचे आपल्या होड्या वर ओढायचे, जाळी आवरायचे दिवस. ते सगळं टाकून पंधरा-वीस माणसं आली, कमरेभर पाण्यात उभी राहिली, ट्रॅक्टर आला, गाडी निघाली. आणि निघाल्यावर हे महाशय ट्रॅक्टरवाल्याशी दोन हजारांवरून घासाघीस करतायत! "काका, दहा मिनिटांचं तर काम होतं." अहो, तुमची पंधरा-वीस लाखांची गाडी माशांनी खाल्ली असती!

असो. शेकोटी. पस्तीस डिग्रीत, घामाने कपडे पाठीला चिकटलेले असताना शेकोटी लागतेच. वारा जमिनीकडे, मागे सुरुचं बन, खाली वाळलेल्या काड्यांची गादी. ठिणगी गेली, धुमसायला लागलं, आमच्या पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन त्यावर ओतले. ती मंडळी चिकन मॅरिनेट करत होती.

इथपर्यंत मी हसत होते. रविवारी सकाळी सहाला चहाला उठले तर त्यातला एक जण कॅराव्हॅनच्या संडासाची टाकी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उपडी करत होता. पऱ्या आत्ता कोरडा आहे, आणि त्याच्या खाली चाळीस पावलांवर काकांची विहीर आहे. ज्या विहिरीतून आदल्या दिवशी तुम्ही गाडीची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतलीत. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्यातून सगळा समुद्राला जातो, मेमध्ये विहिरीला हातभर पाणी असतं, किती वाड्यांना टँकर लागतो. काकू त्या दिवशी स्वतःची भांडी थांबवून तुम्हाला पाणी देत होत्या. मी विचारलं तर म्हणतो, "ऑर्गॅनिकच आहे ना." त्या टाकीत घालतात तो निळा केमिकलही ऑर्गॅनिकच का रे? पहिला पाऊस पडला की हे सगळं वाहत कुठे जाणार आहे? शिकलेले आहात, चांगल्या नोकऱ्या आहेत, त्या टाकीचंच तर भाडं भरलंत, ती घरी नेऊन आपल्या संडासात ओतायला काय झालं होतं? तुमच्या आईच्या पिण्याच्या पाण्यात ओतलं असतंत? काकांनी दुपारी उन्हात फावडं घेऊन ती माती उपसली, सत्तरी ओलांडलेला माणूस, आणि वर मलाच म्हणाले, पाहुणे आहेत, जाऊ दे. मी नाही जाऊ देणार. लाज वाटली पाहिजे.

आणि तो तंबू अजून केतकीतच आहे. निळा, चार माणसांचा. पावसाआधी येऊन काढून न्या.