ग्रंथालयात कशाला जाता, प्रयोगशाळा जवळ आहे

पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन झालं? केमिस्ट्रीत? अभिनंदन. आता एवढंच सांभाळा, विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडं पाय वळू देऊ नका. दोन तास तिथं बसलात तर आपला विषय पन्नास वर्षांपूर्वीच कुणीतरी उरकून टाकलाय हे कळायचा धोका असतो. मग सिनॉप्सिस पुन्हा लिहा, गाईडचं तोंड बघा. त्यापेक्षा सहा महिने फ्लास्क उकळत ठेवलेला बरा. निदान काम चाललंय असं दिसतं तरी.

रिसर्च पेपर शोधायचेच झाले तर रात्री खोलीवर, खाटेवर आडवं होऊन, मोबाईलच्या डेटावर शोधावेत. पान उघडतं आणि डॉलरमध्ये पैसे मागतं. तिथंच थांबायचं. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनला चहा पिताना जाहीर करायचं, "आपल्याकडं काहीच येत नाही बघ. पुण्या-मुंबईच्या पोरांचं बरंय." केंद्र सरकारनं २०२४च्या नोव्हेंबरात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी ठेवले, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली केली, असं कुणी सांगू लागलं तर क्रिकेटवर या. तोच पेपर कॅम्पसच्या नेटवर फुकट उघडतो का, हे तर अजिबात बघू नका. नसता तक्रार करायला उरतं काय?

तरीही गाईडनं ढकललंच, तर सकाळी अकराला आरामात जावं. पिशवी बाहेर, रजिस्टरात सही. वाचनकक्षात पंख्याखालची एकही खुर्ची रिकामी नसते. गेवराई, सेनगाव, अहमदपूरहून आलेली तलाठी भरती आणि एमपीएससीची पोरं सातपासून पाण्याच्या बाटल्या ठेवून जागा धरून बसलेली असतात. (खरं सांगायचं तर आमचं ग्रंथालय जिवंत आहे ते त्यांच्यामुळंच. केमिस्ट्रीवाल्यांच्या भरवशावर असतं तर केव्हाच कुलूप लागलं असतं.) जागा नाही म्हणून परत फिरायला हे कारण भक्कम आहे, वापरा.

ग्रंथपालांना मात्र काही विचारू नका. विचारलं तर माणूस उठून सोबत येतो आणि मागच्या हॉलमधल्या त्या कपाटांसमोर नेऊन उभा करतो. केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स. १९०७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीनं सुरू केलेलं हे काम, जगभरच्या रसायनशास्त्राचा सारांश. छापील खंड २०१०च्या सुरुवातीला कायमचे थांबले, आमच्याकडचे त्याच्या कितीतरी आधी. आता तेच सगळं सायफाइंडर या ऑनलाइन डेटाबेसवर मिळतं, पण ते महाग. एक खंड उपसला की आधी धूळ, मग कसर आणि शेवटी बारीक टायपातली अक्षरं, या क्रमानं गोष्टी बाहेर पडतात.

इथं तुमच्या बचावाला सूची येते. तिच्यात ॲस्पिरिन शोधून बघा. ‘ए’च्या पानावर? नाही. १९७२ नंतरच्या खंडांत ते बेन्झोइक ॲसिडखाली, ‘२-ॲसिटिलॉक्सी’ असं शेपूट लावून बसलंय, आणि त्याआधीच्या खंडांत सॅलिसिलिक ॲसिडच्या घरात. लग्न झालेल्या मुलीला माहेरच्या नावानं हाक मारल्यासारखं. म्हणजे गूगलवर एकाच नावानं शोधून ‘काहीच सापडलं नाही’ म्हणायला तुम्ही मोकळे.

कुणी कॅस, म्हणजे याच केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सवाल्यांच्या, नंबराचं सांगेल. कान बंद ठेवा. १९६५पासून प्रत्येक पदार्थाला असा एक नंबर मिळतो. नावं दहा असोत, नंबर एकच. ॲस्पिरिनचा ५०-७८-२. त्यातला शेवटचा अंक पडताळणीचा. त्याच्या आधीचे अंक उजवीकडून धरायचे: आठ एके आठ, सात दुणे चौदा, शून्य, पाच चोक वीस. झाले ४२, शेवटी २. किराणा दुकानदारसुद्धा एवढा हिशेब तोंडी करतो. पबकेम या वेबसाइटवर हा नंबर टाकला की पदार्थाची कुंडली फुकट समोर येते. नंबर शोधायला कुठं जावंही लागत नाही, बाटलीच्या लेबलवर छापलेला असतो. म्हणून लेबलं वाचायची नाहीत.

संदर्भसूचीचं टेन्शन तर मुळीच घेऊ नका. सीनियरच्या थिसिसमधून उचला. त्यानं त्याच्या सीनियरच्या थिसिसमधून उचललेली असते. एका संदर्भात पान क्रमांकाचे दोन अंक उलटे झालेले होते. ते आमच्या लॅबच्या तीन थिसिसमधून सुखरूप प्रवास करत माझ्यापर्यंत आले आणि मीही ते तसेच पुढं पाठवले. व्हायव्हात बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हा पेपर पाहिलाय का तुम्ही?" मी म्हणालो, "हो सर." ते म्हणाले, "कमाल आहे. त्या पानावर तर दुसराच पेपर आहे."

न शोधण्याचा खरा फायदा शीर्षकात दिसतो. ‘नॉव्हेल’, म्हणजे अगदी नवीन, हा शब्द लिहिताना हात थरथरत नाही. बिजिनेली नावाच्या इटालियन माणसानं १८९१ साली अल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया, हो, आपण कापसाला टाकतो तोच, एका भांड्यात उकळून दाखवलं. तेव्हापासून आपण कॅटॅलिस्ट बदलून तेच उकळतोय. तुरटी झाली, लिंबाचा रसही झाला. खलियाचा मसाला बहुधा शिल्लक आहे, घाई करा.

आता माझं. मला चालकोन नावाच्या पदार्थापासून एक रिंग, म्हणजे अणूंचं कडं, बंद करायची होती आणि ती अल्कोहोलमध्ये होईना. मार्च ते ऑगस्ट. मे महिन्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, मग कंडेन्सर थंड कशानं ठेवणार? घरच्या कूलरचा पंप काढून आणला, बादलीत सोडला, रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी आणली. घरचे कूलरशिवाय उकडत होते, इकडं माझा फ्लास्क मजेत. रोज टीएलसी, म्हणजे मिश्रणातला एकेक पदार्थ वेगळ्या ठिपक्यात दाखवणारी चाचणी, आणि रोज तीन स्पॉट. गाईड म्हणाले, चिकाटी ठेवा. ठेवली.

ऑगस्टात पावसानं लॅबची लाईट गेली, म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो. अभ्यासासाठी नाही, तिथं जनरेटर आहे म्हणून. वेळ जाईना, तर सूची उघडली. तासाभरात माझाच पदार्थ सापडला. साठच्या दशकातलं जर्मन मासिक. सारांश चार ओळींचा: अल्कोहोल नको, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड घ्या, तीन तास. मेल्टिंग पॉइंटसुद्धा दिलेला. मूळ पेपर ग्रंथपालांनी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दिला. जर्मन येत नव्हतं, पण ‘श्मेल्त्सपुंक्ट’ म्हणजे वितळणबिंदू आणि ‘आउसबॉयटे’ म्हणजे हाती आलेल्या मालाचा उतारा, या दोन शब्दांवर आणि आकृत्यांवर भागलं. सोमवारी करून पाहिलं. तीन तासांत एकच स्पॉट.

तो खंड जागेवर ठेवायला निघालो, तर टेबलापलीकडचा पोलिस भरतीचा पोरगा म्हणाला, "सर, ते जाडं पुस्तक कामून नेऊ लागले? राहू द्या की. पंख्यानं माझ्या नोट्स उडतात."