एडनच्या वाटेने जाऊ नका

धर्मप्रसारात नाव काढायचं मनात असेल, तर आधी एक पाठ करा: बैठकीत तोंड उघडायचं नाही. एडन नावाच्या आयरिश भिक्षूने उघडलं आणि जन्माचा अडकला.

आजच्या उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रियाचा राजा ऑस्वाल्ड याने स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटावरच्या मठाकडे एक बिशप मागितला होता. पहिला गेला तो फार कडक. लोक रानटी आहेत, हट्टी आहेत, अशी तक्रार घेऊन परत आला. त्यावर एडन बोलून गेला, की अडाण्यांशी तुम्ही जरा जास्तच कडक वागलात, आधी दूध पाजायचं, भाकरी नंतर. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. सोसायटीच्या सभेत एकदा तरी बसलेल्यांना पुढचं सांगायला नको. ६३५ साली स्वारी बिशप होऊन रवाना!

जागा तरी मोक्याची मागावी? मागितलं लिंडिसफार्न बेट, जे दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याने जमिनीपासून तुटतं. इंग्रजांची भाषा धड येत नव्हती, म्हणून प्रवचनाला दुभाषा खुद्द राजा. (तुम्ही मात्र भाषा शिकूनच जा. राजे हल्ली बिझी असतात.) श्रीमंतांनी दिलेला पैसा हा गृहस्थ गुलाम सोडवण्यात घालवायचा. बडी मंडळी घरी आली, तर त्यांना फक्त जेवण, पाकीट नाही. अशाने ओळखी वाढतात होय?

घोड्याचा किस्सा तर कुणालाच सांगू नका. पायीच हिंडतो म्हणून डेराचा, म्हणजे नॉर्थम्ब्रियाच्या दक्षिण भागाचा, राजा ऑस्विन याने त्याला एक उमदा घोडा दिला. वाटेत भिकारी भेटला, एडनने घोडा देऊन टाकला, राजेशाही साजासकट. राजा म्हणाला, "भिकाऱ्याला द्यायला एखादं साधं घोडं नव्हतं?" एडन म्हणाला, "घोडीचं पोर तुम्हाला देवाच्या पोरापेक्षा लाडकं का?" हे वाक्य साहेबांवर वापरून बघायचं असेल, तर राजीनामा खिशात ठेवा. ऑस्विन वेगळाच निघाला. शिकारीहून आलेला, शेकोटीशी ऊब घेत उभा होता. कमरेची तलवार काढून नोकराकडे दिली आणि बिशपच्या पाया पडला.

अशा वेळी शहाण्याने दुसरा घोडा मागून घ्यावा. एडन रडायला लागला. सोबतच्या पाद्र्याला आयरिशमध्ये, राजाला कळू नये म्हणून, म्हणाला, की इतका नम्र राजा फार दिवस टिकायचा नाही. ६५१ साली ऑस्विनचा खून झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी एडन गेला, बॅम्बराजवळ चर्चच्या बाहेरच्या लाकडी टेकूला टेकून.

मागे काय ठेवलं म्हणाल, तर ते चर्च आणि भोवतीचं थोडं शेत. तो टेकू मात्र, बीड नावाचा जुना इंग्रज इतिहासकार लिहितो, चर्च दोनदा जळालं तरी वाचला. मग लोक त्याच्या कपच्या काढून नेऊ लागले, पाण्यात टाकून आजाऱ्यांना पाजायला.