'सगळं वायरिंगच बदला' म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

उन्हाळा लागला की नागपुरातल्या जुन्या अँबेसेडर, फियाट आणि जीपवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: "लाइट मंद, सेल्फ जड, फ्यूज उडतो, उन्हात गाडी बंद पडते, या सगळ्याचं मूळ एकच, सडलेलं वायरिंग. सगळं नवीन टाका. तोवर फ्यूज एक नंबर मोठा लावा, शंभर वॅटचे बल्ब टाका, चार्जिंग बघायचं तर चालू गाडीत बॅटरीची तार काढून बघा, उन्हात बंद पडली तर कॉइल बदला. रात्री बॅटरी तोडून ठेवा."

यातला शेवटचा सल्ला चांगला आहे. बाकीचे काही खिशाला महाग, काही गाडीला.

आधी दोन सूचना. मॉरिस-ऑस्टिनच्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. तुमची तशी असेल तर खाली पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं वाचा. जुनी विलीज जीप अजून मूळच्या सहा व्होल्टवर असेल तर व्होल्टचे आकडे निम्मे धरा.

"सगळं वायरिंग बदला"

तांब्याची तार सहसा मधेच मरत नाही. मरतात तिची टोकं: थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी), फ्यूजची क्लिप, स्विचचा आतला संपर्क, पत्र्यावर कसलेला अर्थचा (बॉडीतून बॅटरीकडे परतणाऱ्या वाटेचा) स्क्रू. नवीन हार्नेस (तारांचा तयार जुडगा) आणून त्याच गंजलेल्या स्क्रूवर कसलं, तर हजारो रुपये जातील आणि लाइट मंद ते मंदच राहील.

फॉल्ट नेमका कुठे आहे हे टेस्ट लॅम्प (तारा जोडलेला तपासणीचा छोटा दिवा) सांगत नाही. तो दहा व्होल्टलाही पेटतो आणि वायरमन म्हणतो, करंट येतोय. मीटर ओहमवर लावलं तरी फसगत होते, कारण आतल्या चार-दोनच बारीक तारा शाबूत असलेली वायर मीटरवर ठणठणीत दिसते आणि लोड पडला की कोसळते. म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा.

मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, हेडलाइट लावा. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर ठेवा, क्लॅम्पवर नाही. काळा प्रोब बल्बच्या होल्डरमागच्या जिवंत पिनवर. येईल तो आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेत गळालेले व्होल्ट. मग लाल प्रोब बल्बच्या अर्थच्या पिनवर आणि काळा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. ही परतीच्या वाटेची गळती. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एकाच्या वर गेली तर काळा प्रोब बल्बकडून मागे सरकवत या: डिपर (हाय-लोचा स्विच), लाइटचा स्विच, तिथून बॅटरीकडची तार. ज्या जोडावर आकडा एकदम घसरतो, फॉल्ट त्या जोडात आहे.

अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हा हिशेब बघा. १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर ओढतो, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रेझिस्टन्स २.६ ओहम. वाटेत गंजाचा फक्त अर्धा ओहम आला की बल्बला दहाच्या आसपास व्होल्ट मिळतात आणि प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो. बल्ब नवा, बॅटरी नवी, तार शाबूत, तरी वर्धा रोडवर रात्री खड्डा दिसत नाही.

हा अर्धा ओहम बहुतेक वेळा ग्रिलमागच्या काळ्या तारेच्या थिंबलखाली सापडतो. गाडी कधीतरी रंगवून झालेली असते आणि थिंबल उघड्या पत्र्याऐवजी रंगावर कसलेलं असतं. स्क्रू काढला की खाली रंगाचं अख्खं गोल कडं दिसतं. इतकी वर्षं करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून, आणि त्याही तपकिरी पडलेल्या. बॅटरीची अर्थची तार आधी काढा. पत्रा आणि थिंबल ८० नंबरच्या सँडपेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून कसा आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा.

सेल्फ जड असेल तर हीच पद्धत वापरा. गाडी स्टार्ट होऊ नये म्हणून कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या डब्याची) बारीक तार काढून ठेवा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मोजायचं. बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये ९.६ च्या खाली आकडा गेला तर बॅटरी संशयित. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त, किंवा निगेटिव्ह खुंटीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत ०.३ पेक्षा जास्त ड्रॉप नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं; बॉडीशी त्याचं नातं फक्त विणलेल्या अर्थच्या पट्टीचं. क्लच-गिअरबॉक्सचं काम झालं की ही पट्टी परत लावायची राहून जाते. मग सेल्फचा शे-दीडशे अँपिअर करंट चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर दुसरं काही शोधू नका.

सगळं वायरिंग बदलायची वेळ येतेच येत नाही, असं नाही. तार वाकवल्यावर वरचं आवरण तडकून गळत असेल, लूम (तारांचा जुडगा) कुठे जळलेलं असेल, किंवा दर हातभर अंतरावर पिळून टेप मारलेले जोड असतील, तर बदला. मात्र आधी आहे त्याचा नकाशा काढून ठेवा. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या मूळ पद्धतीत ब्राउन तार कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्हींमधून आलेली, काळी अर्थची. फियाटचे रंग वेगळे, तिथे हे लावू नका.

"फ्यूज उडतो तर एक नंबर मोठा लावा"

असं केलं की फ्यूजच्या जागी तार वितळते. शिवाय लुकासच्या काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ हा तो उडण्याचा आकडा आहे. सतत झेपणारा करंट साधारण १७ अँपिअर. आज मिळणाऱ्या इतर फ्यूजवर बहुधा सतत झेपणारा आकडा असतो, त्यामुळे ३५ पाहून ३५ लावला तरी संरक्षण निम्मं होतं. १५ किंवा २० चा लावा.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. फ्यूज काढून त्याच्या दोन क्लिपांना इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाणार नाही, म्हणजे काही जळणार नाही. आता त्या फ्यूजवरच्या फांद्या एकेक सोडवत चला. जिथे बल्ब विझतो, शॉर्ट त्या फांदीत. स्टिअरिंग कॉलममधली हॉर्नची तार, डिकीच्या बिजागरीजवळची वाकणारी तार आणि रबरी ग्रोमेट गळून गेलेलं फायरवॉलचं भोक या तीन जागा आधी बघा.

"चालू गाडीत बॅटरीची तार काढा"

हा सल्ला सगळ्यात वाईट. अल्टरनेटर बसवलेला असेल तर तार काढताक्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. डायनॅमो (जुन्या पद्धतीचं चार्जिंगचं यंत्र) असेल तर निकालच खोटा लागतो: डायनॅमो आयडलवर पुरेसं चार्ज करतच नाही, त्यामुळे तो ठणठणीत असूनही गाडी बंद पडते.

मीटर लावा. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. नाही दिसले तर डायनॅमोच्या डी (करंट बाहेर देणारी) आणि एफ (फील्डची) तारा काढा, दोन्ही टर्मिनल छोट्या तारेने एकत्र जोडा, मीटर तिथून बॉडीला लावा आणि रेस हळूहळू वाढवा, हजार आरपीएमच्या वर नाही. व्होल्टेज न थरथरता चढायला हवं. २० पर्यंत जाऊ देऊ नका. काहीच नाही आलं तर कार्बन (ब्रश) बघा. अर्धा-एक व्होल्टवर अडलं तर फील्ड कॉइल (आतलं स्थिर वेटोळं) संशयित, सहाच्या आसपास अडलं तर आर्मेचर (फिरणारा भाग). सगळं नीट चढलं तर डायनॅमो निर्दोष, दोष कटआउटमध्ये (डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) किंवा मधल्या तारांत.

"शंभर वॅटचे बल्ब"

लुकास सी-४० डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो. शंभर वॅटचे दोन बल्ब त्यातले जवळजवळ १७ खातात. उरलेल्या पाचात इग्निशन, मागचे दिवे आणि वायपर बसत नाहीत. बॅटरी गाडी चालू असतानाच उतरते. ६०/५५ चेच बल्ब ठेवा आणि हाय-लोसाठी दोन रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारे स्विच) बसवा: बॅटरीपासून २.५ चौरस मिमी तार, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, रिलेच्या ३० नंबरच्या पिनवर बॅटरीची आवक, ८७ मधून बल्ब, ८६ ला जुनी डिपरची तार, ८५ अर्थला. जुन्या लुकास जोडणीत हेडलाइटला फ्यूजच नसतो, ती उणीवही भरून निघते.

"उन्हात बंद पडली तर कॉइल बदला"

मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी गप्प. कॉइल हात लावू देत नाही इतकी तापलेली, म्हणून दोष तिच्या माथी. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो; थंड असताना ३ ओहमची कॉइल ८५ अंशाला ३.७ दाखवते, तो दोष नव्हे.

तिथल्या तिथे तपासा. डेल्कोच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) मधली जाड तार काढून, रबरी मुठीच्या पकडीने ब्लॉकपासून ६ मिमीवर धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल सांडलेलं असेल किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर ही चाचणी करू नका. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर इग्निशन ठीक आहे आणि बहुधा पेट्रोलची वाफ होऊन लाइन अडली आहे. पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरू होते ती याच कारणाने. ठिणगी पिवळी, बारीक असेल तर आधी डेल्कोचा कंडेन्सर बदला. गरम झाल्यावर दगा देणं ही त्याचीच खोड. पॉइंट (डेल्कोतले उघडझाप करणारे संपर्क) निळसर जळलेले दिसले तर तेही बदला आणि गॅप ०.३५ ते ०.४० मिमी ठेवा.

कॉइल घेताना १.५ ओहमची उचलू नका. ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (करंट रोखणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरसोबत) चालणारी असते. नुसती लावली की दुप्पट करंट ओढते आणि पॉइंट जाळते.

"रात्री बॅटरी तोडून ठेवा"

हे जरूर करा. कटआउटचे पॉइंट चिकटले तर बॅटरी रात्रभर डायनॅमोत रिकामी होते, आणि उंदराने कुरतडलेल्या तारेला रात्र-दिवस कळत नाही. स्विच अर्थच्या बाजूला, सेल्फचा करंट झेपेल असा जड घ्या आणि बसवल्यावर त्याच्यावरचाही ड्रॉप सेल्फ मारून मोजा. स्वस्त स्विचवर अर्धा व्होल्ट सहज जातो.